एक गाडी सारखी दगा देतेय, बॅकअपला स्वस्तातली दुसरी घ्यायचीय, कुठून सुरुवात करायची

प्रॉब्लेम असा आहे. घरात एकच चारचाकी, दहा-बारा वर्षं जुनी, ती महिन्यातून एखाद्या दिवशी बंद पडणारच. गॅरेजवाला म्हणतो "आता ओके आहे साहेब, घेऊन जा", आठ-दहा दिवस मस्त पळते आणि मग नेमकी ज्या दिवशी दवाखान्याची तारीख असते त्या दिवशी सेल्फ मारला की नुसतं कट कट कट. नवी घ्यायची तर हप्ते झेपत नाहीत, ही विकायची तर कोण घेणार आणि किती देणार, मग घरात विषय निघतो की अजून एक जुनी घेऊन ठेवू, एक बंद तर दुसरी चालू. आमच्याकडे हे झालंय, मेव्हण्याकडे झालंय, कंपनीतल्या एका मित्राकडे झालंय आणि तिघांची उत्तरं तीन तऱ्हेची निघाली, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं म्हणणं मुळात एवढंच की बॅकअप म्हणून घेतलेली गाडी पहिलीच्या जातीची नको. पहिली ज्या कारणाने बंद पडते त्या कारणाने दुसरी बंद पडता कामा नये, आणि ज्या फेऱ्या चुकवून चालतच नाहीत तेवढ्या तिने केल्या तरी पुष्कळ झालं, बाकी सगळं तिच्याकडून व्हायलाच पाहिजे असं काही नाही.

पण त्याआधी पहिलीचं दुखणं नक्की काय आहे ते एकदा शोधा, कारण कित्येकदा दोन हजाराच्या पार्टपायी लोक लाखाची दुसरी गाडी घेऊन बसतात. एक वही गाडीत ठेवा आणि बंद पडली की लिहा: इंजिन गरम होतं का गार, किती वेळ चालवली होती, टाकीत तेल किती, पाऊस होता का, आणि बंद पडताना एकदम पडली का आधी ओढ कमी झाली. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. ओढ हळूहळू कमी होत, आचके देत बंद पडली तर तेलाकडे बघायचं, म्हणजे फिल्टर चोक, पंप कमजोर, डिझेलमध्ये पाणी. चालत्या चालत्या कुणी स्विच बंद केल्यासारखी गेली आणि अर्ध्या तासाने काहीच न झाल्यासारखी चालू झाली तर इलेक्ट्रिकलकडे बघायचं, त्यातही क्रँक पोझिशन सेन्सरचा नंबर पहिला. हा सेन्सर इंजिनच्या अंगाला असतो, इंजिन किती फिरतंय ते गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो, म्हातारा झाला की गरम झाल्यावर सिग्नल द्यायचा बंद होतो आणि गार झाला की परत नीट. आमची गाडी शिरवळहून घरी वाईला येताना खंबाटकी घाटाच्या चढालाच, इंजिन तापलं की बंद पडायची, सकाळी जाताना रस्ता वेगळा, चढ टाळून बोगद्यातून, तेव्हा कधीच काही नाही. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत ती गार झालेली असायची त्यामुळे तिथे सगळं ओके, स्कॅनरला पण काही दिसायचं नाही.

यावर एक सोपी खूण आहे आणि तिला काही खर्च नाही. गाडी बंद पडली की आधी सुरक्षित बाजूला घ्या, पार्किंग लाइट लावा, मग सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे बघा. इंजिन फिरतंय आणि काटा थोडा तरी उचलतोय, दोनशे-तीनशेवर थरथरतोय, तर सेन्सर बहुतेक जिवंत आहे. इंजिन गरागरा फिरतंय पण काटा शून्यावर मेल्यासारखा पडून आहे, तर सेन्सर किंवा त्याचं वायरिंग यावर संशय घ्या. सगळ्याच मॉडेलला हे लागू पडेल असं नाही पण बऱ्याच गाड्यांना पडतं. मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढून मेकॅनिकला दाखवा, तोंडी सांगण्यापेक्षा शंभर पटीने उपयोग होतो. स्कॅनरवर पी ०३३५ कोड आला तर तो याच सेन्सरच्या सर्किटचा.

सेल्फच उचलत नसेल तर दोन-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर आणा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर फुल चार्ज, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे गेलीच. गाडी चालू करून मोजलं तर १३.८ ते १४.५ पाहिजे, चालू असताना पण १२ च्या घरातच राहिलं तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये आणि अशा गाडीला नवी बॅटरी टाकून काही उपयोग नाही, ती पण चार दिवसांत बसणार. सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरीत दम नाही. आणि बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, तरी कट कट, तर टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरलीय का बघा आणि बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला व इंजिनला जाणारी अर्थिंगची पट्टी सोडून घासून परत आवळा. जुन्या गाड्यांची निम्मी रडगाणी त्या एका पट्टीची असतात आणि तिच्याकडे कुणी बघतच नाही. रोज सकाळी बॅटरी डाऊन मिळत असेल तर बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम, सायरन, जीपीएस असलं काहीतरी रात्रभर करंट खातंय, सगळं बंद करून मीटरवर ५० मिलिअँपच्या वर ओढ दिसली तर एकेक फ्यूज काढून शोधा.

एवढं करून दुखणं सापडलं तर दुसरी गाडी घ्यायची गरजच उरत नाही. नाही सापडलं, किंवा सापडलं पण खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या वर जातोय (इंजिन काम, इंजेक्टर, टर्बो), तर पुढचं वाचा.

आता फेऱ्या. घरात सगळ्यांनी बसून महिनाभराच्या फेऱ्या लिहून काढा आणि प्रत्येक फेरीपुढे एकच प्रश्न: ही चुकली तर काय होईल, आणि गाडी नसेल तर दुसरं काय आहे. आम्ही लिहायला बसलो तेव्हा माझ्या डोक्यात पक्कं होतं की चारचाकीच लागणार. पण माझी कंपनीची फेरी एसटीने होते, वाईहून स्वारगेटला जाणारी साधी गाडी शिरवळला थांबते, नाहीतर कंपनीतले दोघं वाईवरून येतात त्यांच्यात बसता येतं, उशीर होईल पण खाडा नाही. अण्णांची साताऱ्याची दवाखान्याची तारीख महिनाभर आधी कळते, त्या दिवशी गावातली टॅक्सी सांगून ठेवता येते, आणि गुडघे बरे असले तर अण्णा स्वतःच एसटीने जातो म्हणतात, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी मोफतच आहे. रात्री-अपरात्री तब्येत बिघडली तर अशी दगा देणारी गाडी असून नसून सारखीच, तिथे १०८ लाच फोन करायचा. उरली बायकोची शाळा. ती धोमच्या बाजूला, सकाळी त्या वेळेला एसटी नाही, वडाप (शेअर जीप) मिळालं तर मिळालं, आणि वर्गावर ती एकटीच. ही एकच फेरी अशी निघाली की जी चुकवून चालत नाही आणि जिला दुसरा पर्याय नाही. तिला स्कूटर उत्तम येते. म्हणून आम्ही सेकंडहँड ॲक्टिव्हा घेतली, आणि दुसऱ्या चारचाकीला जे पैसे लागले असते त्यातले थोडे टॅक्सीसाठी वेगळे काढून ठेवले.

मेव्हण्याचं गणित वेगळं. तो फलटणजवळ, पिकअपमधून गावातलं दूध गोळा करून संकलन केंद्रावर घालतो, वेळ चुकली की दूध परत, म्हणजे त्या दिवसाचे पैसे गेले आणि वर शेतकऱ्यांची बोलणी. त्याला लोक दुसरी जुनी पिकअप घे म्हणत होते. त्याने जुनी स्प्लेंडर घेतली आणि वेल्डिंगवाल्याकडून दोन्ही अंगाला कॅन अडकवायचं लोखंडी स्टँड करून घेतलं. पिकअप बंद पडली की दोन खेपा जास्त होतात, पण दूध पोचतं. आणि स्प्लेंडर का, तर बीएस सहा (प्रदूषणाचे नवे नियम) यायच्या आधीची, कार्बोरेटरवाली, किक आहे, बॅटरी पार झोपली तरी किकवर चालू होते, आणि फलटण सोडा, कुठल्याही वाडीत तिचा प्लग आणि क्लच केबल मिळते. (एप्रिल २०२० नंतरच्या बीएस सहा गाड्यांना इंजेक्शन आलं, त्यांना किक असली तरी पंपाला थोडा करंट लागतोच, बॅटरी पार मेली असेल तर किक मारून घाम येतो फक्त.)

मित्राचा विचार ऐकायला फार बरोबर वाटतो म्हणून सांगतो. त्याच्याकडे जुनी डिझेल हॅचबॅक, त्याने त्याच मॉडेलची, जवळपास त्याच सालची दुसरी घेतली. म्हणाला पार्ट एकमेकीला लागतील, मेकॅनिक एकच, आपल्याला खाचाखोचा माहिती. खरंय, त्यात तथ्य आहे, ज्याला स्वतःला हाताने काम येतं आणि दारात जागा आहे त्याला हे जमतं सुद्धा. पण दोन्ही एकाच वयाच्या म्हणजे दोन्हींचे क्लच, होज, इंजेक्टर एकाच सुमाराला संपायला येतात. आणि पावसाळ्यात त्याने दोन्ही गाड्या एकाच पंपावर फुल केल्या, डिझेलमध्ये पाणी होतं, एकाच आठवड्यात दोन्ही टोचन करून गॅरेजला. पहिली डिझेल असेल तर दुसरी पेट्रोल घ्या, पहिली सेन्सरवाली असेल तर दुसरी शक्य तितकी साधी घ्या. इलेक्ट्रिक स्कूटर पण या हिशोबात बसते कारण तिची दुखणी पूर्ण वेगळी, फक्त घरात चार्जिंगची सोय पाहिजे, आणि सेकंडहँड घेताना बॅटरीची वॉरंटी किती उरलीय आणि ती तुमच्या नावावर होते का हे लेखी घ्या. नुसतं उभी ठेवायची असेल तर ती निम्म्या चार्जवर ठेवा, फुल किंवा शून्यावर नको.

ज्यांना चारचाकीच लागते, लहान पोरं आहेत, आजारी माणूस आहे, कोकणासारखा पाऊस आहे, त्यांनी आल्टो किंवा वॅगनआर असली साधी पेट्रोल गाडी बघावी, सीएनजी असेल तर किट आरसीवर चढवलंय का आणि सिलिंडरची तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (दाबाची तपासणी) झालीय का ते आधी. दिसायला चकाचक, सनरूफवाली, मोठी गाडी या पैशात मिळत असेल तर त्यामागे कारण असतं. आणि जेवढं बजेट त्याचा चौथा हिस्सा बाजूला ठेवून उरलेल्यातच गाडी बघा. बॅटरी, चार टायर, ऑइल-फिल्टर, ब्रेक पॅड एवढं जुन्या गाडीला घेतल्याघेतल्या लागतंच, छोट्या गाडीचे चार टायर म्हटले तरी दहा हजारांच्या आसपास जातात. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, नक्षी कितीही खोल दिसली तरी सहा-सात वर्षांपुढचा टायर घाटात नको.

बघायला जाताना मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा. गरम लागलं तर तो आधीच चालू करून बसलाय, दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. गार इंजिन एका सेल्फमध्ये उचललं पाहिजे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर कूलंट आत जातंय, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर हेडचं काम निघणार, सरळ निघून या. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून बघा, आरपीएम वाढतोय पण गाडी ओढत नाही तर क्लच प्लेट संपलीय.

आपल्या भागात एक गोष्ट जास्त बघायला लागते ती म्हणजे पुरातली गाडी. २०१९ ला सांगली-कोल्हापूरला पूर आला, २०२१ च्या जुलैत परत आला आणि चिपळूण तर पार बुडालं, त्यात किती गाड्या पाण्याखाली गेल्या आणि धुऊन-पुसून, पॉलिश मारून बाजारात आल्या. एमएच ०८, ०९, १० पासिंग दिसलं म्हणून लगेच नाही म्हणू नका, तिकडेही चांगल्या गाड्या भरपूर आहेत, पण तपासा. सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या टोकाला मातकट रेघ दिसते, ती कुणी धूत नाही. सीटच्या खालचे नटबोल्ट आणि डॅशबोर्डखालचे स्क्रू गंजलेत का बघा, मॅट उचलून पत्र्याला बोट लावा, फ्यूज बॉक्सचं झाकण काढा. काचा लावून एसी बंद ठेवून दहा मिनिटं आत बसा, कुबट वास लपत नाही. पाण्यात गेलेल्या गाडीचं वायरिंग वर्षभराने, दोन वर्षांनी आतून सडायला लागतं आणि मग कधी काय बंद पडेल ते देवालाच ठाऊक, म्हणजे बॅकअपसाठी याच्याइतकी वाईट गाडी दुसरी नाही.

कागदांचं थोडक्यात. गाडी नंबर टाकून परिवहनच्या ॲपवर पासिंग कधीपर्यंत, इन्शुरन्स, बोजा (गाडीवरचं कर्ज) सगळं दिसतं, ई-चलानची थकबाकी वेगळी बघा. बोजा असेल तर बँकेचं एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन लगेच नावावर करा, सहा महिने मालकाच्याच नावाने फिरवू असं करू नका, घेणाऱ्याला कायद्याने ३० दिवस असतात. पंधरा वर्षं होत आलेली गाडी स्वस्त दिसते पण पुढच्या पाच वर्षांच्या पासिंगचा खर्च त्यात धरा, एप्रिल २०२२ पासून चारचाकीला केंद्राची फी ५००० आणि दुचाकीला १००० झालीय, वर आपल्याकडे पर्यावरण कर. एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) पाटी बसवलीय का तेही बघा. पीयूसी बीएस चार आणि पुढच्यांना वर्षाची मिळते, त्याआधीच्यांना सहा महिन्यांची.

इन्शुरन्समध्ये पैसे वाचतात. बॅकअपची गाडी स्वस्तातली असेल तर फुल इन्शुरन्स न घेता थर्ड पार्टी घेतला तरी चालतो, जून २०२२ च्या दरपत्रकात हजार सीसीच्या आतल्या कारला २०९४ आणि ७५ ते १५० सीसी दुचाकीला ७१४ रुपये मूळ हप्ता होता, त्यावर जीएसटी. मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा पहिल्या गाडीवर काढलेला असेल आणि दुसरी पण त्याच माणसाच्या नावावर असेल तर परत काढायला लागत नाही, एजंटला स्पष्ट सांगा. पण इन्शुरन्सच नको, कुठे एवढी फिरवायचीय, असं कुणी करू नका. दोन हजाराच्या दंडाचं सोडा, ज्या दिवशी घाईत ती गाडी बाहेर काढाल त्याच दिवशी काही झालं तर घर विकायची पाळी येते.

आणि आता जिथे निम्मे लोक फसतात ते. बॅकअप गाडी दारात उभी राहून राहून मरते. पहिली बंद पडली म्हणून उत्साहाने दुसरीकडे जावं तर तिची बॅटरी डाऊन, टायर बसलेला, उंदराने वायर खाल्लेली. त्यामुळे आठवड्यातून एकदा ती किमान वीस मिनिटं रस्त्यावर फिरलीच पाहिजे, जागेवर उभी करून नुसतं चालू ठेवणं वेगळं, त्याने बॅटरी नीट चार्ज होत नाही आणि ब्रेक फिरत नाहीत. आमच्याकडे शनिवारची सकाळची शाळा बायको स्कूटरवरच करते, कार चांगली चालू असली तरी. महिनाभर बाहेरगावी जाणार असाल तर दहा नंबरच्या पान्याने निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, पावसाळ्यात लायनर चिकटतात, गिअरमध्ये टाकून चाकाला ओट (दगड किंवा लाकडाचा ठोकळा) लावा. टाकी भरलेली ठेवा, आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं, रिकाम्या टाकीत जास्त. कार्बोरेटरवाल्या जुन्या दुचाकीला रबरी पाइप आणि सील वर्षातून एकदा बघून बदलून घ्या.

लायसन्सचं राहिलं. चारचाकीच्या लायसन्सवर दुचाकी चालवता येत नाही, आणि विनागिअरच्या लायसन्सवर स्प्लेंडर चालत नाही. गाडी ठरवायच्या आधी घरातल्या प्रत्येकाचं लायसन्स काढून बघा, नाहीतर पहिली बंद पडते तेव्हा घरात नेमकं तेच माणूस असतं ज्याला दुसरी चालवता येत नाही. मेव्हण्याच्या बायकोने त्यासाठी गिअरच्या दुचाकीचं लायसन्स काढलं, आता तो आजारी असला तरी दूध ती घालून येते.

कुणाची गाडी गरम झाल्यावरच बंद पडत असेल तर आरपीएमच्या काट्याचं काय दिसलं ते लिहा, मॉडेल आणि साल पण टाका, म्हणजे कुठला सेन्सर कुठे असतो ते सांगता येईल.